न पाहिलेली काच

सुंदराबाईला कॅन्सर नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गोडादऱ्यात आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अजून "ती कॅन्सरवाली" म्हणूनच तिचं घर दाखवतात, आणि ते कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी प्रमिला. लूमवरच्या पोरांची खानावळ चालवते. दिवसभर पोळपाट-लाटणं आणि आरडाओरडा, त्यामुळे माझी जीभ तिखटच आहे. सुंदराबाई माझ्या अगदी उलट. तिला कोणी दारातून हाकललं असतं तर जाताना तिनं दार ओढून घेतलं असतं.

ती पारोळ्याकडची. नवरा सुकलाल खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मशीन चालवायचा. लेकरूबाळ झालं नाही, आणि सुकलाल गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता ही गावी जाणार. पण शेजारच्या खोलीत तिचा दीर भटू आणि जाऊ मंदा राहत होते. मंदानं तिची पिशवी उचलून परत आत नेऊन ठेवली. "ताई, तुम्ही गेल्या तर मी बोलू कोणाशी? या मुक्या माणसाशी?" असं भटूच्या तोंडावर म्हणाली. तेव्हापासून दोघींची एकच शेगडी. दुपारी ओट्यावर बसून दोघी साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. मार्केटमधून गठ्ठे यायचे, संध्याकाळी परत जायचे. त्या डिंकानं दोघींच्या बोटांची कातडी पार गुळगुळीत झाली होती. मी चिडवायची, "चोऱ्या करा गं, तुमचे ठसे कुठं उमटायचे नाहीत." दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग सुंदराबाईच्या उजव्या छातीत गाठ आली. तिनं ती बरेच दिवस लपवली, बायका लपवतात तशी. मंदाच्या लक्षात आलं. दवाखान्यात जायचं तर कार्ड पाहिजे. सुंदराबाईचे सगळे कागद गावाकडचे, महाराष्ट्राचे, इथं परराज्यात त्यांना कोणी विचारत नाही. मंदाकडे एका ट्रस्टच्या दवाखान्याचं मोफत उपचाराचं कार्ड होतं, तिच्या नावचं, पण नवऱ्यालाही चालणारं. "माझं घ्या ना," मंदा म्हणाली, आणि विषय संपला. बाहेरच्या माणसाला हे भयंकर वाटेल. आमच्यात कोणाला काही वाटत नाही. भाच्याच्या कार्डावर मामा दाखवून येतो, शेजारणीच्या कार्डावर सासू. कार्डावरच्या फोटोत मंदाचा पदर कपाळापर्यंत होता, त्यात ओळखायचं काय? अंगठ्याचं मशीन होतं, पण ते आमच्या बायकांचे अंगठे घेतच नाही. खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "जाने दो, आगे जाओ." सुंदराबाई मंदा होऊन आत गेली.

गाठीचा तुकडा काढून लॅबमध्ये पाठवला. तो तुकडा काचेवर ठेवून डॉक्टरनं दुर्बिणीतून बघायचा असतो, ही अक्कल मला नंतर आली. रिपोर्ट आला, कॅन्सर. सुंदराबाई रडली नाही. मंदाच रडून रडून आडवी झाली. ऑपरेशन झालं. उजवी बाजू कापून टाकली, काखेतल्या गाठीही काढल्या. त्यानंतर तो हात जो सुजला तो सुजलाच. साडीचा गठ्ठा उचलणं सोडा, भाकरी थापताना दम लागायचा.

आणि मग माणसं कशी पांगली ते बघा. गल्लीतल्या बायका तिच्याकडचं पाणी प्यायच्या बंद झाल्या. मार्केटवाल्यानं काम बंद केलं, म्हणे हात दुखेल तुझा. श्रावणात कानबाई देवी बसते आमच्या खानदेशी घरांत. तिच्या नैवेद्याचे रोट भावकीतल्याच बायकांनी करायचे, दळायचंही घरात, मळायचंही घरात. सुंदराबाईच्या हाताचे रोट म्हणजे साऱ्या भावकीत नाव. त्या वर्षी ती आंघोळ करून, केस बांधून येऊन बसली, तर चुलत सासूनं परात बाजूला सरकवली. "राहू दे वं माय, तू दुखण्याची बाई." मंदा भांडली. सुंदराबाई मात्र उठली, घरी गेली आणि दार लावून घेतलं. मी हाक मारली तर आतून म्हणाली, डोकं दुखतंय. खोटं होतं ते. मला रडण्याचा आवाज येत होता.

पुढच्या औषधांसाठी तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं आधीच्या लॅबमधून ती काच मागवली. स्वतः बघितली, दुसऱ्याला दाखवली. मग सुंदराबाईला खुर्चीवर बसवून हळूच म्हणाली, "हा कॅन्सर नाही. नव्हताच. साधी गाठ होती, नुसती काढली असती तरी चाललं असतं."

मी सोबत होते. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी कोणाचा तरी गळा धरावासा वाटला. सुंदराबाई नुसती आपल्या रिकाम्या बाजूवर हात ठेवून बसली होती.

गल्लीत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवीना. "नव्हता तर कापलं कशाला?" हेच सगळ्यांच्या तोंडी. भटूसुद्धा म्हणाला, "वहिनी, एवढा शिकलेला डॉक्टर चुकेल का?" डॉक्टरीणबाईचा कागद इंग्रजीत, तो कोण वाचतो? आणि वाचला तरी त्यावर नाव मंदाचं.

मी तिला घेऊन त्या लॅबवर गेले. म्हटलं, बघतेच कोण आहे तो. तिथं एक टेक्निशियन होता. मी आवाज चढवला तसा तो बिचारा घाबरून बोलून गेला. डॉक्टर साहेबांची सही इथंही चालते, भेस्तानच्या लॅबलाही आणि बारडोलीच्याही. ते येतात, कोऱ्या रिपोर्टांवर सह्या करून जातात. काच बघायला वेळ कुणाला? जुन्या रिपोर्टातलं बघून खालची माणसंच मजकूर टाकतात. माझ्या तोंडून अशी शिवी गेली की रांगेतला म्हातारा दचकून उभा राहिला. सुंदराबाईनं मला बाहेर ओढलं.

रिक्षात ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "मले पैसा नको, काही नको. त्यानी एकदाव मनाकडे दखीसन सांगाले पाहिजे, बाई, तुले काहीच नव्हतं." घरचं बोलणं तिचं अहिराणीच. त्यानं माझ्याकडे बघून सांगावं, एवढंच तिला पाहिजे होतं. त्याच्या तोंडून निघालं की लोक मानतील, परातीला हात लावू देतील, असं तिच्या मनानं धरलं.

तक्रार करायची तर रिपोर्टावर जिचं नाव तिनंच करायची. म्हणून डॉक्टरांच्या चौकशी समितीकडे अर्ज मंदाच्या नावानं गेला. भटूला ते मुळीच आवडलं नाही, आणि त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या किडन्या गेलेल्या. त्याच कार्डावर त्याचं रक्त मशीनवर शुद्ध होतं. कार्ड दुसऱ्याला दिलं हे निघालं तर कार्ड जाणार, आणि कार्ड गेलं की भटू गेला. सुंदराबाईनं त्याला शब्द दिला, "तुझं कार्ड जाईल असं मी काही करणार नाही." ठरलं असं, की चौकशीला सुंदराबाईनंच मंदा म्हणून बसायचं. दवाखान्यात जमलं, इथंही जमेल.

चौकशीच्या दिवशी ती नवं पातळ नेसली. आम्ही चौघं गेलो. दारातल्या कारकुनानं मंदाचं आधार कार्ड मशीनला लावलं, फोटो मोठा करून बघितला आणि सुंदराबाईकडे बघून मान हलवली. "ये वो नहीं है. मंदाबेन कौन?" मग मंदा पुढं झाली. दुसरं काय करणार? आत खुर्चीवर मंदा बसली, सुंदराबाई आणि मी नातेवाईक म्हणून मागच्या बाकावर, भटू बाहेर.

समोर तीन डॉक्टर, त्यांत एक बाई. बाजूला तो, कोऱ्या रिपोर्टांवर सह्या करणारा. पॅथॉलॉजीचा डॉक्टर मी मनात राक्षसासारखा रंगवला होता. निघाला गोरागोमटा, घाम पुसणारा, आपल्या भाचेजावयासारखा माणूस. मधल्या साहेबांनी मोठ्या दवाखान्याचा कागद वाचला, चष्मा काढला आणि त्याला सरळ विचारलं, "ही काच तुम्ही स्वतः बघितली होती का?"

सुंदराबाई पुढं झुकली. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. त्यानं तोंड उघडलं. खरं सांगते, तो बोलणार होता, मला त्याचा चेहरा दिसत होता. तेवढ्यात त्याचा वकील उठला. "साहेब, आधी ऑपरेशन या बाईंचंच झालं का, तेवढी खात्री करून घ्या. नुसते कागद कोणीही आणतं."

समितीतली डॉक्टरीणबाई म्हणाली, "बरोबर आहे. मंदाबेन, पडद्यामागे चला. फक्त ऑपरेशनची जागा बघते, घाबरू नका."

कागद बघतील एवढंच आम्ही धरून चाललो होतो. मंदा जागची हलेना. पदर दोन्ही हातांनी छातीशी आवळलेला. पडदा सरकला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. आणि सुंदराबाई नुसती उठून "हे माझं अंग, हे बघा" म्हणाली असती, तर तो डॉक्टर तिथंच सापडला असता. मी तिला कोपरानं ढोसलं. ऊठ, बोल. माझं मन हेच म्हणत होतं, आणि भटूचा विचार त्या वेळी माझ्या मनात आलासुद्धा नाही.

ती उठली. मंदाजवळ गेली, तिच्या खांद्यावर तो सुजलेला हात ठेवला. "मंदा, सांग त्यासले. तक्रार मांगे लेस म्हन."

मंदा तिच्याकडे बघत राहिली. "ताई..."

"सांग."

मंदानं सांगितलं. तक्रार मागे घेते. मधल्या साहेबांनी दोनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे का? मंदा म्हणाली, नाही. डॉक्टरीणबाई सुंदराबाईकडे जरा जास्त वेळ बघत होती, मग तिनं कागद पुढं सरकवला. सही झाली आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर भटूला आमच्या तोंडांवरूनच कळलं. मंदा भिंतीला टेकून उभी होती. तिची पिशवी सुंदराबाईनं घेतली होती. तेवढ्यात तो डॉक्टर आला, एकटाच. वकील मागं फोनवर बोलत होता. मला वाटलं तोंड चुकवून जाईल. पण तो थांबला, मंदासमोर आला आणि त्यानं हात जोडले. डोळे भरले होते त्याचे, नाटक नव्हतं ते.

"बेन, मारी भूल हती," तो म्हणाला. "में काच जोई ज नहोती. तमने कांईज नहोतुं. माफ करजो."

मी काच बघितलीच नव्हती. तुम्हाला काहीही नव्हतं. तेच शब्द. जे ऐकायला सुंदराबाई एवढी झुरली, तेच, अगदी तसेच, आणि मंदाला.

मंदानं सुंदराबाईकडे बघितलं. इथं कोणी लिहून घेत नव्हतं. "मी नव्हे, ह्या," एवढं ती म्हणाली असती तरी कोणाचं कार्ड जात नव्हतं. मग तिनं भटूकडे बघितलं. भटूनं मान खाली घातली. मंदा म्हणाली, "असू द्या, साहेब."

डॉक्टरला हायसं वाटलं असावं. त्यानं डोळे पुसले, आणि जाता जाता सुंदराबाईकडे वळून, कोणा घरच्या बाईला सांगावं तसं म्हणाला, "तमे एमनुं ध्यान राखजो." तुम्ही ह्यांची काळजी घ्या. हातभर अंतरावर उभी होती ती. सुजलेल्या हातात पिशवी, पातळाखाली एक बाजू सपाट. माणसाला डोळे असतात ना? माझ्या तोंडात शब्द आले होते, पण सुंदराबाईनं मान डोलावली. त्याला हो म्हणाली ती. आणि तो जिना उतरून गेला.

भटू आणि मंदा पहिल्या रिक्षात बसले. मंदानं सरकून जागा केली, पण सुंदराबाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. मी आणि ती मागून निघालो. मी डॉक्टरला शिव्या घातल्या, वकिलाला घातल्या, मंदालाही घातल्या. रडले पण. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. पुलावर गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

"प्रमिला, ती माफी मनी व्हती ना वं?"

मी म्हटलं, "तुझीच होती, बाई."

"तू दखं ना?"

"बघितलं. मी बघितलं."

तिनं मान हलवली. गल्लीत उतरलो तेव्हा ओट्यावरच्या बायकांनी विचारलं, काय झालं, काय म्हणाला डॉक्टर? सुंदराबाई म्हणाली, काही नाही, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.