मेंढरं मोजायची नसत्यात

त्या शनिवारी शहरातल्या गारखेडा भागातल्या आमच्या खोलीत दाराशी एक भरलेली बॅग ठेवलेली होती आणि तिच्याकडे बघायचं नाही, असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं. बॅग माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची. ती फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातली, मेंढपाळाची मुलगी. सोमवारी सकाळी शहरातल्या एका छोट्या गेम कंपनीत तिची मुलाखत होती. स्वतः बनवलेला गेम घेऊन या, असा निरोप होता. काम मिळालं तर ती इथे राहणार. नाही मिळालं तर त्याच दिवशी वडिलांसोबत गावी जाणार, कारण तिकडे स्थळ जवळजवळ ठरलेलं होतं. बापलेकीत तसं बोलणं झालं होतं आणि बॅग त्याच बोलीवर भरलेली होती.

आणि गेम अजून धड चालतही नव्हता.

त्यात चूक माझी. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनवतात त्याला इंजिन म्हणतात. फुकट मिळणारी दोन आमच्यासमोर होती. एक मोठं, नावाजलेलं, नोकरीच्या जाहिरातींत दिसणारं. त्यात तयार मेंढ्या मिळायच्या, हलणाऱ्या गवतासकट. दुसरं छोटं, हलकं. चहाला उकळी फुटायच्या आत उघडायचं, पण चित्रं आपली आपण काढायची. तिला छोटं हवं होतं. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, नोकरीला लागलेली आणि सिल्लोडकडच्या शेतीवाडीच्या घरातली. सल्ला द्यायचा हक्क मला जन्मतःच मिळालेला. "छोट्याला हसतील लोक," असं म्हणून मी आपलंच घोडं दामटलं. ती "बरं ताई" म्हणाली. तेव्हापासून तिचा जुना लॅपटॉप गिरणीसारखा घरघरत होता. फाइल उघडेपर्यंत माझा कुकर व्हायचा. मोठं घर पोकळ वासा, हे मला केव्हाच कळलं होतं. पण कबूल कोण करणार?

दुपारी तिचे वडील आले. आम्ही दोघी त्यांना आबा म्हणायचो. फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या हातात देऊन ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "दाखव बाई, काय केलंस ते."

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. गेम साधा होता: दिवस मावळायच्या आत रानातल्या मेंढ्या वळवून आणायच्या आणि त्यांच्याभोवती वाघूर, म्हणजे जाळी लावायची. चाळीस मेंढ्या. वरच्या कोपऱ्यात आकडा पळत होता, आत किती आल्या त्याचा. ती कल्पना माझी, आणि मला तिचा फार अभिमान.

आबांनी आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"मेंढ्या मोजल्यात आबा," मी सांगितलं.

त्यांचा चेहराच उतरला. "मेंढरं मोजायची नसत्यात माय. मोजली की घटत्यात."

"मग एक कमी आहे, हे कळतं कसं?"

"तोंडं बघून." ते पुन्हा पडद्याकडे वाकले. बराच वेळ बघत राहिले. "अन् हितं तर समदी एकच हाय की. एकच मेंढी चाळीस बारी."

मला लहानपणीचं आमचं शेत आठवलं. खतासाठी आम्ही रानात मेंढ्या बसवून घ्यायचो. संध्याकाळी माझे आजोबा बांधावर उभे राहून बोटाने मेंढ्या मोजायचे, आणि मेंढका तेवढ्यापुरता तोंड फिरवून उभा राहायचा. तो का तोंड फिरवतो, हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मैत्रिणीने लॅपटॉप ओढून घेतला आणि मोठं इंजिन बंद केलं. "ताई, मी छोट्यातच करते."

"दीड दिवसात? डोकं ठिकाणावर आहे का?"

"व्हय, हाय."

माझा पारा चढला. महिनाभराचं काम पाण्यात चाललेलं दिसत होतं आणि त्याहून जास्त माझा शब्द. मी बोलून गेले, "मग जा, मेंढरंच राख!"

आबांनी ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायचं सोडून मी ओट्याशी जाऊन चहा टाकला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

चहा घेऊन वळले तर बापलेक शेजारी शेजारी बसलेले. ते सांगत होते, ती काढत होती. हिचा एक कान काळा. ही लंगडते. हिला पिल्लाशिवाय चालवत नाय. "अन् ही बघ, लई मंद. रोज मागं राहती. हिला हाकारायचं नाय, हाकारलं की आणखीच लांब जाती. थांबायचं." चाळीस तर शक्यच नव्हत्या. बाराच केल्या. बाराही निराळ्या.

"मी काय करू?" मी विचारलं.

"मोठ्यातले नियम इथे उतरवलेत, त्यातला आकडा काढून टाक," ती म्हणाली. तेवढ्यावर मला परत घेतलं, असं मी समजले.

रविवारी दिवे लागायच्या सुमाराला गेम आबांच्या काच तडकलेल्या फोनवर टाकला. पडदा काळा. काळाच. ती ओठ चावत बसलेली. मग एकदम रान उघडलं.

आबांनी एकेक मेंढी आत आणली. आता फक्त वाघूर लावायची. पण त्यांचं बोट हलेना.

"आबा, लावा की," मी म्हणाले.

"एक यायची हाय."

मी पाहिलं, मला काही कळेना. आकडा तर मीच काढला होता. ते थांबले. थोड्या वेळाने बाभळीमागून ती मंद मेंढी डुलत आली, आणि मग त्यांनी वाघूर लावली. मैत्रिणीने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

सोमवारी कंपनीच्या फाटकाबाहेर मी आणि आबा उभे होतो. बॅग त्यांच्या हातात. तासाभराने ती आली.

"काय म्हनले?"

"गेम पुन्हा पुन्हा खेळले. कळवतो म्हणाले."

'कळवतो' म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ती मुकाट्याने बॅगेकडे हात करून उभी राहिली. बोली ती बोली.

आबांनी बॅग माझ्या हातात दिली. "खोलीवर न्या. मी जातो फुलंब्रीच्या गाडीनं."

"आणि स्थळवाले?" माझ्या तोंडून निघालं.

"थांबत्याल, नायतर जात्याल." त्यांनी लेकीकडे एकदाच पाहिलं. "मला नाय घाई वाघूर लावायची."