कणकेने बंद केलेलं धोंडस

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे नोएडाला राहायला आली, आणि रोज दोन घास खाऊन "पुरे" म्हणायला लागली. बायकोचे सगळे उपाय थकले. मग मी छाती पुढे काढून जाहीर केलं, धोंडस करतो!

काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा हा गोड पदार्थ आई गावी चुलीवर करायची, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. बाबांना दम निघायचा नाही. ते सारखे झाकण उचलून बघायचे आणि आईचा फटका खायचे.

माझ्याकडे निखाऱ्यांऐवजी ओव्हन, गावच्या तवशाऐवजी, म्हणजे मोठ्या जून काकडीऐवजी, बाजारातला खीरा आणि घरच्या रव्याऐवजी इडली रवा. तळाशी हळदीचं पान हवं, म्हणून मी खिडकीतल्या मनीप्लांटकडे हात नेला.

"मारतोस की काय मला!" आई सोफ्यावरूनच ओरडली.

पान राहिलं, तुपावर भागवलं. झाकण ढिलं होतं म्हणून फॉइल काढायला गेलो, तर खोक्यात नुसती पुठ्ठ्याची नळी. ती तशीच परत ठेवणारा आमच्या घरात एकच माणूस आहे, आणि तो मीच. फॉइल दहा मिनिटांत घरपोच आलं असतं, पण माझ्यातला आचारी आता कुठला ऐकतोय! बिर्याणीवाले लावतात तशी मी झाकणाभोवती कणीक थापली. त्यांच्यापेक्षा चांगली तिप्पट जाड.

तासाभराने झाकण हलेना. उलथनं वाकलं. शेवटी बत्ता उचलला.

"भाईसाहब, दीवार तोड़ रहे हो क्या?" खालच्या मजल्यावरच्या आंटी.

"नहीं आंटी, केक बनाया है!"



झाकण निघालं, पण धोंडस कुठलं? वाफ कोंडून काकडीची लापशी झाली होती. तोंड पाडून मी पातेलं सिंककडे न्यायला वळलो, तर मागे कुरकुर आवाज. आई ओट्यापाशी उभी राहून फुटलेल्या कणकेचा तुकडा चावत होती. बाहेरून खरपूस, आतल्या कडेला गुळाच्या वाफेने ओलसर.

"थांब, टाकू नकोस. तूप आण."

लापशीत बुडवून तिने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मी तुपाचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"ह्यांना मात्र हे झाकण उघडता आलं नसतं हो," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "बसले असते उपाशी!"

मग तिने वाटी पुढे केली. "वाढ अजून."