बाहीवरचा कच्चा दोरा

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात मापाची वही नव्हती. गिऱ्हाईक आत आलं की मास्तर त्याला चष्म्यावरून एकदा न्याहाळत, टेप उगाच गळ्यात लोंबत ठेवत आणि कापडावर सरळ खडू ओढत. कुणी विचारलंच, "मास्तर, लिहून नाही घेत?" तर म्हणत, "ज्याला आठवत नाही त्यानं लिहावं." समोरच्या वकीलसाहेबांचं पोट सुटतंय हे वकीलसाहेबांच्या आधी मास्तरांना कळायचं. न सांगता ते पँटला अर्धा इंच जादा सोडत आणि वकीलसाहेब घरी जाऊन सांगत, "वजन अगदी आहे तिथंच आहे बरं का."

आणि त्याच वकीलसाहेबांची पँट परवा अठ्ठावीस कमरेची निघाली.

ट्रायलच्या पडद्याआडून आधी बराच वेळ धापा ऐकू आल्या. मग वकीलसाहेब पँट दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. "मास्तर, ही माझी लग्नाच्या वेळची कंबर हो!"

"मग बरोबरच आहे की," मास्तर म्हणाले. "मी आहे तिथंच आहे. वाढलात तुम्ही."

वकीलसाहेब पोट धरून हसले. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मास्तरीणबाईही हसल्या आणि पुढचं काज करायला लागल्या. ते काज चुकीच्या बाजूला झालं. बाईंनी ते उसवलं.

मास्तरांना मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली होती. रोज सकाळी नाश्त्याआधी ते इन्सुलिनचं पेन काढत, बूड फिरवून अठरा आकडा लावत आणि पोटात टोचून घेत. बाईंनी कधी मदतीचा हात पुढे केला तर म्हणत, "अगं, उभ्या जन्मात माझ्या हातातली सुई कुणी घेतली नाही. तू काजं बघ." पण अलीकडे ते टोचून झाल्यावर पेन पुन्हा हातात घेत आणि त्याच्याकडे बघत राहत. झालं की व्हायचंय?

बाई त्यांना ज्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेल्या, ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिनं तपासण्या केल्या, घड्याळाचं चित्र काढून घेतलं, पाच शब्द सांगून परत विचारले. मास्तरांनी दोन सांगितले आणि वर म्हणाले, "तुझ्या कोटाची डावी बाही पाव इंच लांब आहे." ते मात्र खरं होतं.

मग तिनं समजावलं. रक्तात साखर असली तरी शरीरातल्या बऱ्याच पेशींना ती आत घ्यायला इन्सुलिनची हाक लागते. मेंदूच्या पेशीही ती हाक ऐकतात. त्यांना ती साखर घेण्यापेक्षा आठवणी धरून ठेवायच्या कामी जास्त लागते. काही जणांच्या मेंदूत ती हाक ऐकूच येईनाशी होते. मधुमेह जुना असला की विसरण्याच्या आजाराचा धोका वाढतो, त्यामागचं हे एक कारण असावं, असं संशोधक म्हणतात. नेमकं कसं, त्यावर अजून काम चालू आहे.

"म्हणजे गिऱ्हाईक दारात ओरडतंय आणि आत कारागीर बहिरा," मास्तर म्हणाले.

"अगदी तसंच, काका."

"मग ही रोजची सुई तिथवर पोचत नाही का?" बाईंनी विचारलं.

"ही रक्तातल्या साखरेसाठी, काकू. आठवणीचं औषध नाही हे. पण ती दोनदा टोचली गेली तर साखर एकदम उतरेल आणि उपाशी राहील तो मेंदूच. आता सुई तुम्ही हातात घ्या."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थोडे दिवस राहू दे त्यांच्याकडेच. मी करते काहीतरी."

काहीतरी म्हणजे त्यांनी दोरा काढला. कपडा मशीनवर घालण्याआधी लांबलांब टाके घालून जोडतात तो पांढरा कच्चा दोरा. मास्तरांनी सुई टोचून घेतली की बाई त्यांच्या शर्टाच्या डाव्या बाहीवर त्याचे दोन टाके घालायच्या. दोरा असला तर सुई झाली. नसला तर व्हायची आहे. मास्तरांना हे पटलं. नऊ दिवस बिनबोभाट गेले.

दहाव्या सकाळी सुई झाल्यावर बाई बाहीवर टाके घालून पाव आणायला गेल्या. मास्तर टेबलाशी बसले होते. त्यांची नजर बाहीवर गेली. तयार, इस्त्री केलेल्या शर्टावर कच्चा दोरा! शिलाई झाली की तो ओढून काढायचा, हे काम त्यांच्या बोटांनी आजवर लाखदा केलं होतं. दोरा राहिलेला कपडा गिऱ्हाइकाला देणं म्हणजे त्यांच्या दुकानात नाक कापून घेणं. त्यांनी दोरा ओढून काढला. थोड्या वेळानं बाही पाहिली. दोरा नव्हता. मग त्यांनी नियमाप्रमाणे पेन काढलं आणि अठरा आकडा लावला.

बेकरीतल्या रांगेमुळे बाई तासाभरानं परतल्या, तेव्हा टेबलावर पेन उघडं होतं आणि शेजारी दोरा पडलेला होता. मास्तर घामानं भिजून म्हणत होते, "कुणी शिवला हा शर्ट? गबाळं काम!" बोलताना जीभ अडखळत होती. साखर मोजायच्या यंत्रानं ती बेचाळीसवर उतरलेली दाखवली. बाईंनी साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, डॉक्टरीणबाईला फोन केला, रिक्षा बोलावली. सगळं ओळीनं केलं. दवाखान्यात एक दिवस एक रात्र त्या बाकावर बसून होत्या. रडू येईल म्हणून रुमाल काढून ठेवला होता. तो घडी न मोडता परत आला.

घरी आल्यावर आता पेन काढून घ्यायचंच होतं. पहाटेपासून बाई मनात भांडत होत्या. ते म्हणणार, मी काय तान्हं बाळ आहे? आपण म्हणायचं, बाळ परवडलं, निदान चष्म्यावरून बघत नाही. ते म्हणणार, माझ्या हातातली सुई कुणी घेतली नाही. आपण म्हणायचं, मी कुणी आहे का? चाळीस वर्षांच्या सरावानं दोन्ही बाजू तयार होत्या.

नाश्त्याच्या वेळी त्यांनी हात पुढे केला. "अहो, ते पेन द्या इकडे. आजपासून मी टोचणार."

मास्तरांनी पेन दिलं. मशीनची रिकामी रिळं द्यावीत तसं दिलं आणि शर्ट वर करून बसले.

बाईंनी अठरा आकडा लावला, सुई टोचली, बूड दाबलं, दहा आकडे मोजले.

"हात हलका आहे गं तुझा," मास्तर म्हणाले.

"अहो, भांडा ना जरा माझ्याशी."

"कशावरून?" त्यांनी खरोखरच विचारलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं, ते स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं आणि पावाची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.