भाऊजींची बॅटरी आणि आमचा गोलू

मंडळी, आज संध्याकाळी आमच्याकडे नवरात्राचा गोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला बायका आल्या आणि नेमका करंट गेला. बाहुल्यांच्या पायऱ्यांवरची दिव्यांची माळ विझली.

पापनाशमहून आलेले भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, लगेच उठले. त्यांना जगातलं सगळं कळतं. जुन्या टेपरेकॉर्डरचा ट्रान्सफॉर्मर काढून म्हणाले, "हा दोनशे तीसचे बारा व्होल्ट करतो ना? मग उलटा जोडू. माझ्या गाडीच्या बॅटरीच्या बाराचे दोनशे तीस होतील!"

म्हटलं, "भाऊजी, बॅटरीचा करंट डीसी असतो. ट्रान्सफॉर्मरला एसीच लागतो."

"अगं, करंट म्हणजे करंट. तू बायकांना प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाट."

ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेगळी वेटोळी असतात. एसी सारखा दिशा बदलतो, म्हणून पहिल्या वेटोळ्याचं चुंबकत्व बदलत राहतं, आणि त्या बदलामुळेच दुसऱ्यात वीज तयार होते. बॅटरीचा करंट एकसारखा वाहतो. काही बदलतच नाही, तर दुसऱ्याला मिळणार काय? पहिलं मात्र तापत जातं. हे शाळेत शिकवतात. भाऊजी तेव्हाही बहुधा मास्तरांनाच शिकवत असावेत.

भाऊजींनी गोलूशेजारीच तारा जोडल्या. माळ काही लागली नाही. ट्रान्सफॉर्मर धुमसायला लागला. खालच्या पायरीवरचा मातीचा चेट्टियार, म्हणजे दुकान मांडून बसलेला वाणी, काळाठिक्कर पडला आणि बायका सुंडल तिथेच टाकून खोकत बाहेर पळाल्या.

भाऊजींचं निदान काय, तर "माल लोकल होता."

आत्ताच ते बाजारातून परत आलेत. दुप्पट मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन.

तुम्हीच सांगा, बॅटरी लपवू की भाऊजींना?