नाकावरची राख

आज सकाळी दारात उभी होते, तर राबाचा वास आला. भात पेरायच्या आधी आम्ही शेताचा एक तुकडा पाला आणि शेण पसरून भाजतो, तो राब. त्या वासाबरोबर माझी लेक चिंगी आठवते. फ्रॉकला माती, डोक्यावर ऐनाच्या पाल्याचा भारा.

घरात तेव्हा नवा मोबाइल आला होता. मला तिचा एक चांगला फोटो हवा होता. नाकावर राखेचा पट्टा होता, एक वेणी सुटलेली. मी म्हटलं, "थांब गो, तोंड पूस आधी."

"नाय, असाच काढ," ती म्हणाली आणि हसली. तेवढ्यात वारा फिरला. राबाचा धूर डोळ्यात जाऊन तिचा एक डोळा मिटला, हात हलला. फोटोत तो हात नुसता पुसट दिसतो. मी डिलीट करणार होते, तिनं करू दिला नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. शाळेतले फोटो होते, पण त्यांत ती परक्या घरी आल्यासारखी ताठ उभी. भिंतीवर लावायला मोठा करून घ्यायचा म्हणून आम्ही हाच घेऊन मुरबाडला गेलो. फोटोवाला चांगल्या मनानं म्हणाला, "वहिनी, राख काढतो, मागं निळा पडदा टाकतो. डोळापण उघडून देतो."

माझे मालक एवढंच बोलले, "नको. आमची पोर अशीच व्हती."

धूर घरात यायला लागला, तशी मी आत गेले आणि तिच्या फोटोजवळची खिडकी लावून घेतली.