एकशे एकावन्नचा बूट

आमच्या गावच्या तळ्यावर दर फेब्रुवारीत ट्रायथलॉनची शर्यत होते. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं. पाण्यातून निथळत आलेला माणूस ज्या आवारात शिरून आपली सायकल शोधतो, त्या सायकलतळाची राखण नोलीन टॅपर करायची. तिला पगार नव्हता, मानही नव्हता. अंगात एक पिवळं जाकीट आणि काखेत चहाचा थर्मास. मी कॉलिन, वेळेच्या यंत्रापाशी तंबूत बसणारा. आमचं अकरा वर्षं एकमेकांशी पटलं नाही, आणि त्यात चूक बहुतेक वेळा माझीच होती हे आता सांगायला हरकत नाही.

नोलीनने तीस वर्षं टपाल वाटलं. आमच्याकडे घरं रस्त्यापासून लांब, मेंढ्यांच्या कुरणांच्या पार पलीकडे. फाटकाशी नुसती टपालाची पेटी. त्या पेटीवरून तिला घरातलं सगळं कळायचं. कोण गावाला गेलंय, कोणाचं भांडण झालंय, कोणाला बाळ झालंय. एकदा म्हाताऱ्या अँगसच्या पेटीत कालचं वर्तमानपत्र तसंच होतं. तिने त्यावर आजचं ठेवलं आणि पुढे गेली, कारण अजून चाळीस पेट्या राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी लोकांनी दार फोडलं. अँगस स्वयंपाकघरात मांडीचं हाड मोडून पडला होता, आणि त्याचा जीव गेल्याला फार वेळ झाला नव्हता. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, तीही कपातला चहा संपेपर्यंत. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

सायकलतळावर तिचा एक कडक नियम होता. दुसऱ्याच्या जागेला हात लावायचा नाही. लोखंडी दांडीवर सायकल सीटच्या टोकाने लटकवायची, तिच्या चाकाशी टॉवेल पसरायचा, त्यावर बूट, मोजे, शिरस्त्राण मांडायचं. एवढी वीतभर जागा त्या दिवसापुरती त्या माणसाची. एका डॉक्टराने शेजाऱ्याचा टॉवेल बोटभर सरकवला म्हणून नोलीनने त्याला शर्यतीतून बाहेर काढलं होतं. तो ओरडत होता, "अगं बाई, मी डॉक्टर आहे!" ही म्हणाली, "मग हात कुठे लावू नये हे तुला शाळेत शिकवलं असेल."

नव्याला मात्र ती पाण्यापासून त्याच्या जागेपर्यंत स्वतः चालवत न्यायची. "पाण्यातून आलास की डोकं ठिकाणावर नसतं," ती सांगायची. "डोळ्यांत पाणी, पाय लाकडाचे. म्हणून आत्ताच पाठ करून ठेव. पण शेजारची लाल सायकल बघून जागा लक्षात ठेवू नकोस. तू येशील तेव्हा ती सायकल निघून गेलेली असेल. जे जागचं हलत नाही त्यावर खूण ठेव. ते पॉप्लरचं झाड, ते संडास, तो दिव्याचा खांब."

माझा नियम वेगळा होता. माझा नियम म्हणजे माझं यंत्र. प्रत्येकाच्या घोट्याला एक पट्टा, पट्ट्यात चिप. किनाऱ्यावर एक चटई. तिच्यावरून पाण्यात गेलात की किणकिण आणि नोंद, बाहेर आलात की तसंच. त्याआधी आम्ही किनाऱ्यावर उभं राहून माणसं मोजायचो, जाताना आणि येताना. यंत्र आलं त्या वर्षी मीच ते मोजणं बंद करवलं. नोलीन सभेत म्हणाली, "एक माणूस तरी ठेवा मोजायला." मी म्हणालो, "नोलीन, माणूस मधेच चहा प्यायला जातो. यंत्र जात नाही." सगळे हसले, मीही हसलो. माझं यंत्र मला फार आवडायचं.

त्या सकाळी साडेपाचला फाटक उघडलं तेव्हा तळ्यावर धुकं बसलं होतं, आणि वारा अजिबात नव्हता. आमच्याकडच्या माणसाला अशी सकाळ आवडत नाही. वायव्येचा वारा यायच्या आधी तळं असंच गप्प पडून राहतं. बोटवाला हेमी, त्याच्या तीन पिढ्या याच पाण्यावर गेलेल्या, बोट लोटताना मला म्हणाला, "नऊ वाजता येणार म्हणतात वारा. मला नाही वाटत तो नऊपर्यंत थांबेल."

"तू हवामान खात्यात जा," मी म्हणालो.

"आणि तू पाण्यात जा," तो म्हणाला.

आत येणाऱ्यांत मर्विन नावाचा एक माणूस होता. वय अठ्ठावन्न, मटणाच्या कारखान्यातला कामगार, दोन तासांवरच्या गावाहून एकटाच गाडी हाकत आलेला. ही त्याची पहिलीच शर्यत. जाड भिंगांचा चष्मा, आणि पोहायचा रबरी सूट घरूनच चढवलेला. नवे लोक हे करतात, कारण तो सूट अंगात शिरायला अर्धा तास लागतो आणि लोकांदेखत ती झटापट नको वाटते. नोलीन त्याला बघून म्हणाली, "दोन तास या रबरात गाडी चालवलीस? उकडून निघाला असशील की रे."

"तीन वेळा थांबलो," तो लाजून म्हणाला.

त्याचा नंबर एकशे एकावन्न, जागा शेवटच्या रांगेत. नोलीनने त्याला पाण्यापासून जागेपर्यंत एकदा चालवलं; तो नंतर आपणहून आणखी दोनदा चालला, ओठ हलवत, पॉप्लर, संडास, खांब. मग गुडघ्यावर बसून त्याने मांडामांड केली. स्वयंपाकघरातला चौकटीचा पंचा पसरला. बुटांच्या नाड्या सैल केल्या. मार्माइट फासलेलं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. गाडीची किल्ली डाव्या बुटात घातली आणि वरून मोजा कोंबला. चष्मा काढून शिरस्त्राणात ठेवला, मग पुन्हा लावला, पुन्हा काढला. राहिला पट्टा. तो सुटाच्या आतून घोट्याला बांधायचा असतो, पण सूट तर घरूनच चढलेला. तेव्हा विसरायला नको म्हणून त्याने तो ब्रेकच्या दांडीला अडकवला. हे सगळं नोलीनने पाहिलं, आणि तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी तिला हाक मारली.

सात वाजता भोंगा वाजला. माणसं धावत पाण्यात शिरली, चटई किणकिणत राहिली, आणि त्या गर्दीत एक माणूस तिच्यावरून आवाज न करता गेला. ते कोणाला ऐकू येणार? माझ्या पडद्यावर आकडा उमटला, एकशे शहाऐंशी. नोंदवलेले एकशे सत्त्याऐंशी. दरवर्षी एखादा ऐनवेळी कच खातोच. मी थर्मासचं झाकण उघडलं.

पहिले पोहणारे बाहेर आले तेव्हा धुकं फाटायला लागलं होतं. शेवटचे पंचवीस-तीस पाण्यात असताना पॉप्लरची पानं उलटी होऊन पांढरी दिसू लागली. मग तळ्याच्या वरच्या अंगाला एक काळी रेघ उमटली आणि आमच्याकडे सरकू लागली. वारा आला. आठही वाजले नव्हते. लाटांनी केशरी खुणेचे फुगे आडवे केले, वल्ह्याच्या होड्या गरागरा फिरू लागल्या. मी पडद्याकडे बघत होतो, एकशे चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. शेवटची एक बाई रांगत बाहेर आली. एकशे शहाऐंशी. मी बिनतारीवर हेमीला म्हणालो, "सगळे बाहेर. होड्या घे किनाऱ्याला."

"नक्की?"

"यंत्र सांगतंय."

होड्या आल्या. सायकलतळ रिकामा झाला होता. सकाळी दाटीवाटीने भरलेल्या त्या दांड्या आता नुसत्या वाऱ्यात वाजत होत्या, खाली ओले पंचे आणि उलटेपालटे सूट. शेवटच्या रांगेत एकच सायकल लटकत होती. तिचं पुढचं चाक वाऱ्याने हळूहळू फिरत होतं.

नोलीन तंबूत आली. "कॉलिन, एकशे एकावन्न अजून दांडीवर आहे."

मी यादी पाहिली. "तो उतरलाच नाही पाण्यात. नोंद नाही."

"त्याचा पट्टा ब्रेकला अडकलेला आहे."

"मग तेच म्हणतोय मी. भ्याला, पट्टा काढून ठेवला, गेला. गाडीत बसून रडत असेल."

"त्याचा चष्मा इथे आहे."

"दुसरा असेल. नोलीन, दरवर्षी तुझं एक भूत असतं. मागच्या वर्षीची ती बाई आठवते? तू सगळं गाव जागं केलंस आणि ती सॉसेजच्या रांगेत उभी होती."

हे खरं होतं, आणि मी ते मोठ्याने बोललो. तंबूत दोघंतिघं हसले. मी तिला म्हणालो, "जा, चहा घे." ती गेली.

मी आकडे बघत बसलो, पण मन थाऱ्यावर नव्हतं. तंबूचा पडदा वाऱ्याने उघडमीट करत होता आणि उघडला की ती दिसत होती. ती त्या सायकलीसमोर उभी होती, हात जाकिटाच्या खिशात. वाकली, पुन्हा ताठ झाली. अकरा वर्षांत तिने कोणाच्या पंच्याच्या टोकालासुद्धा हात लावला नव्हता. मी उठून जाऊ शकत होतो. चाळीस पावलं होती. मी बसून राहिलो, कारण उठलो असतो तर यंत्र चुकलं असं झालं असतं, आणि तिचं बरोबर. एवढंच कारण. याहून मोठं काही शोधून सापडलेलं नाही.

मग ती वाकली आणि तिने डावा बूट उचलला. तो छातीशी धरून ती धावत आली. बासष्ट वर्षांची बाई, कधी धावताना पाहिली नव्हती. तिने मोजा ओढून फेकला आणि बूट माझ्या यंत्रावर उपडा केला. किल्ली पडद्यावर आपटून खाली पडली.

"गाडीत बसलाय ना?" ती म्हणाली. "कसा बसला?"

मी बिनतारी उचलली. "हेमी, परत जा. एक जण पाण्यात आहे."

पलीकडे नुसता वारा. मग हेमी इतकंच म्हणाला, "कुठे?"

ते मला माहीत नव्हतं. नोलीनने माझ्या हातातून बिनतारी काढून घेतली. "हेमी, त्याला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. फुगे आडवे पडलेत, ते त्याला दिसलेच नसतील. वारा नेईल तिकडे बघ."

वारा दक्षिणेच्या लव्हाळ्याकडे नेत होता. आम्ही किनाऱ्यावर उभे राहिलो. बोटीचा आवाज लहान होत गेला आणि मग नुसत्या लाटा. तेवढ्यात पहिला सायकलवाला परत आला, लोक टाळ्या वाजवू लागले, सॉसेजवाल्याने नवा कांदा तव्यावर टाकला. नोलीनच्या हातात अजून तो बूट होता.

हेमीला तो लव्हाळ्याच्या तोंडाशी सापडला, उताणा, ओठ काळेनिळे, डोळे उघडे. सुटाच्या रबराने त्याला वर धरलं होतं. बोटीत ओढला तेव्हा तो काहीतरी पुटपुटत होता. हेमीला वाटलं बायकोचं नाव घेतोय. जवळ कान नेला तर तो म्हणत होता, पॉप्लर, संडास, खांब.

तो जगला. दवाखान्यातला डॉक्टर मला म्हणाला, आणखी दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. मी हिशोब करून बसलो होतो. नोलीन पहिल्यांदा तंबूत आली ती वेळ आणि मी बिनतारी उचलली ती वेळ, दोन्ही माझ्या यंत्रात होत्या. मधे सात मिनिटं. नंतरच्या सभेत कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. लोक म्हणाले, कॉलिनने वेळेवर बोट पाठवली. नोलीन तिथेच बसली होती. ती गप्प राहिली. त्या गप्पपणाची मला वर्षभर भीती वाटली. दुकानात ती समोरून आली तरी मी पाव न घेता परत फिरायचो.

पुढच्या फेब्रुवारीत मी यंत्रावर दुसऱ्याला बसवलं आणि स्वतः किनाऱ्यावर मोजायला उभा राहायचं ठरवलं. साडेपाचला फाटक उघडलं. सव्वासहाला मर्विन आला. हाडकुळा झालेला, तोच चष्मा, रबरी सूट या वेळी काखेत. त्याने मला ओळखलं आणि हात पुढे केला. "तूच ना तो, बोट पाठवणारा?"

मी हात हातात घेतला नाही. "तुझा पट्टा दे," मी म्हणालो.

त्याच्या जागेशी मी गुडघ्यावर बसलो. तोच चौकटीचा पंचा होता. पट्टा त्याच्या घोट्याभोवती घेतला आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं. नोलीन आली होती, मी हसलो होतो, तिला चहा प्यायला पाठवलं होतं. सात मिनिटं. त्याचा पाय माझ्या हातात गार लागत होता.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ती मला दवाखान्यात भेटायला आली होती," मग तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. सात मिनिटांचं तिने सांगितलं होतं मला."

माझे हात थांबले.

"म्हणाली, बुटाला हात लावायचा धीर होत नव्हता, म्हणून ती उभी राहिली. ती सात मिनिटं तिची, म्हणाली. रडली फार. तुझं नाव नाही काढलं."

मी मान वर केली. दोन रांगा पलीकडे नोलीन एका नव्या मुलीला पाण्याकडून घेऊन येत होती. लाल सायकलीकडे बघू नकोस, सांगत होती. मुलगी हसत होती. तळ्यावर धुकं होतं आणि वारा पडलेला होता.

"जरा घट्ट बांध," मर्विन म्हणाला.