मिलची नळी

आई त्या दुखण्यातून उठली नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत उगाच आशा लावून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतच्या लिंबायतला राहत होतो. नवरा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर, वाफेच्या लाइनीवर. त्यानं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. तिचे लाड तो इतके करायचा की पोरांनी हेवा करावा. उंदरांनाही ती फार आवडायची, विशेषतः तिची पेट्रोलची रबरी नळी. दोनदा कुरतडली. तिसऱ्यांदा इंजिनाखाली थारोळं दिसलं, तेव्हा तो मुकादमाला विचारून मिलच्या भंगारातली वाफेची नळी घेऊन आला. वरून स्टीलच्या तारेची वीण, उंदराचे दात पडतील अशी.

तिच्या टोकांना नट होते. गाडीच्या पंपाचं तोंड मात्र साधं. नळी चढवायची आणि क्लॅम्प आवळायचा, एवढंच. मग त्यानं पंपाचं आणि कार्बोरेटरचं मूळ तोंड काढून टाकलं आणि लेथवाल्याकडून आट्यांचे पितळी जोड करून बसवले. नळी अशी चकाकत होती की शेजारी बघायला आले.

"वाफ झेलस हाई नळी," तो म्हणाला. "पेट्रोल काय चीज शे?"

उभा जन्म वाफेजवळ काढलेल्या माणसाला तिच्याहून जहाल काय वाटणार? मलाही पटलं.

पुढच्याच आठवड्यात माहेरहून, नवापूरहून निरोप आला. आईच्या पोटात कळा येत होत्या आणि तिथले डॉक्टर ताबडतोब सुरतला न्या म्हणत होते. जाताना गाडीनं एकदोनदा आचके दिले. आईला घेऊन परतताना व्यारा मागे पडलं आणि ती बंदच झाली.

त्यानं नट सोडला. वरची वीण जशीच्या तशी होती. आतलं रबर पेट्रोल पिऊन भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं, बोट लावलं की सालपटं निघत होती. साधी नळी कुठेही मिळाली असती, पण ती ज्यांच्यावर चढते ती मूळ तोंडं घरी फळीवर पडली होती. काही मिळतं का बघायला तो एका ट्रकला हात करून व्याऱ्याला गेला.

मागच्या सीटवर आडवी पडलेली आई इतका वेळ पदर दातांत धरून होती. आमच्यात सासू जावयासमोर मोठ्यानं बोलतसुद्धा नाही, कण्हणं तर लांबच. ट्रक दिसेनासा झाला आणि तिनं पदर सोडला. माझ्या आईचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बस थांबवली तरी तिला उठवून बसवणार कशी? पाणी पाजायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. मी पाय चोळत राहिले. उंदरांचा, लेथवाल्याचा, त्या नळीचा मला भयंकर संताप आला होता, आणि त्या संतापाचा काडीचा उपयोग नव्हता.

ऊन कललं तेव्हा तो लांबच ट्रकमधून उतरून चालत येताना दिसला. आईनं पदर पुन्हा तोंडात घेतला. "जवाईसले सांगू नको," ती मला म्हणाली, "माले बरं शे."

त्यानं कार्बोरेटर धुतला, नवी रबरी नळी त्या आट्यांवरच जोर लावून चढवली आणि तारेनं आवळली. गाडी निघाली. पण तो वरचा गिअर टाकेचना. इंजिन नुसतं किंचाळत होतं.

"गिअर टाका ना," मी चिडून म्हणाले.

"येवढ्या खड्ड्यांत यानापेक्षा जोरात पळाव नई ती," तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "आवाज राहू दे. आईले मोकळं कन्हू दे."

बारडोली यायच्या आधी कधीतरी, त्या आवाजाआड, आईनं दातांतला पदर सोडला.